इन्चार्ज सिस्टरने घेतलेली दखल: परिचारिकेच्या समाधानात तिचं वजन किती, आणि ती घ्यायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मेडिसिनच्या ३० खाटांच्या वॉर्डची नुकतीच इन्चार्ज झाले आहे. हाताखाली १४ परिचारिका, त्यांतल्या ५ कंत्राटी. पगार, मंजूर पदं, बढती यांतलं काहीच माझ्या हातात नाही. नुसत्या शाबासकीने त्यांच्या कामातल्या समाधानात खरंच फरक पडतो का? पडत असेल, तर रोजच्या धावपळीत ते जमवायचं कसं?"

सिस्टर, फरक पडतो. तुमच्या तोंडच्या दोन वाक्यांनी जेवढा पडतो, तेवढा अधिसेविका मॅडमनी (रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुख) किंवा डीन साहेबांनी स्टेजवर दिलेल्या प्रमाणपत्राने पडत नाही. काम घडलं तेव्हा ते दोघेही तिथे नव्हते. तुम्ही होतात, आणि नसलात तरी ते पाहायची साधनं तुमच्यापाशी होती: रिपोर्ट बुक, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट शीट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं), औषधांची शीट. म्हणून "शाबासकी" हा शब्द थोडा बाजूला ठेवू आणि "दखल" म्हणू. शाबासकी माणसाला मिळते, दखल कामाची घेतली जाते. बारा तासांची नाईट करून उतरलेल्या परिचारिकेला "तू हुशार आहेस" हे ऐकायचं नसतं. आपण काय केलं ते कुणीतरी पाहिलं आणि त्यामुळे पेशंटचं काय झालं तेही त्या पाहणाऱ्याला कळलं, एवढी पोचपावती तिला पुरते.

आपल्या पेशात ही पोचपावती इतकी मोलाची का ठरते, हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सर्जनचं यश टाके घातल्यावर दिसतं. परिचारिकेचं बहुतेक यश म्हणजे काहीतरी न होणं. बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, सलाईनची जागा सुजली नाही, अर्धांगाच्या पेशंटला भरवताना ठसका लागून घास श्वासनलिकेत गेला नाही, रात्री बाथरूमला उठलेल्या आजी पडल्या नाहीत. न झालेल्या गोष्टीचा बिलात आकडा नसतो आणि डिस्चार्ज कार्डवर ओळही नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची १९७३ ते २०१५ अशी ४२ वर्षं शुश्रूषा केली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोर झाला नाही, ही बाब सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आवर्जून नमूद झाली. न झालेल्या जखमेची अशी लेखी दखल घेतली जाण्याचा तो विरळा प्रसंग. रोजच्या वॉर्डात ती न झालेली जखम ओळखू शकते अशी एकच व्यक्ती असते, ती इन्चार्ज. डॉक्टर राउंडला येऊन पाठ बरी आहे एवढंच बघतात. त्या बऱ्या पाठीमागे दर दोन तासांनी कूस बदलणारे हात आहेत, हे नर्सिंगच्याच डोळ्यांना दिसतं.

अभ्यासकांनी हेच वेगवेगळ्या वाटांनी मांडलंय. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ साली पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून असं मांडलं की, कामात गोडी आणणाऱ्या गोष्टी आणि कामाचा वीट आणणाऱ्या गोष्टी या एकाच दोरीची दोन टोकं नाहीत. काहीतरी साध्य झाल्याची भावना, घेतली गेलेली दखल, खुद्द काम, जबाबदारी आणि प्रगती या पहिल्या गटात. पगार, नियम, देखरेख, कामाच्या जागेची अवस्था या दुसऱ्या. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्टने १९९६ मध्ये हे मेहनत आणि मोबदला यांच्या तोलाच्या रूपात मांडलं. त्याच्या मोबदल्यात पैसा येतो, नोकरीची शाश्वती येते आणि मानही येतो. अमेरिकेतल्या अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने २००५ मध्ये निकोप कार्यस्थळासाठी सहा मानकं ठरवली. त्यांत पुरेसं मनुष्यबळ जितक्या स्पष्टपणे आहे, तितक्याच स्पष्टपणे "अर्थपूर्ण दखल" हेही एक मानक आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. इन्चार्जने दखल घेतली की समाधान वाढतं असं सांगणारे बहुतेक अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. जी आधीच समाधानी आहे तिला मिळालेली दाद जास्त आठवते, हेही खरं असू शकतं. त्यामुळे "इतकी दाद दिली की इतकं समाधान" असं गणित कुणी मांडलं तर विश्वास ठेवू नका.

आता कामाचं बोलू.

काय बघायचं

दखल घेण्यात बहुतेक इन्चार्ज कमी पडतात, त्याचं कारण स्वभाव नसतो. त्यांना दाखवण्याजोगं काही दिसलेलंच नसतं. इंडेंट (सामानाची मागणी), सेन्सस (पेशंटची मोजणी), लिनन (चादरी-कपडे), तुटलेलं सक्शन मशीन, व्हीआयपीचा फोन यांत दिवस जातो आणि परिचारिकेशी बोलणं होतं ते फक्त काही चुकलं की. म्हणून नजर मुद्दाम लावावी लागते. मेडिसिन वॉर्डात ती इथे लावा:

श्वासाचा आकडा. चार्टवर न मोजताच सगळ्यांचा श्वास मिनिटाला २० लिहिणारी एक आणि पूर्ण मिनिटभर मोजून २८ लिहिणारी दुसरी. पेशंट खालावतोय हे अनेकदा रक्तदाबाआधी श्वासात दिसतं. ज्या नोंदीत २८ आहे, वेळ आहे आणि "आरएमओना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) कळवलं" असं लिहिलंय, ती नोंद म्हणजे सोनं आहे.

इन्सुलिन. आपल्याकडे मिलीलिटरला ४० युनिटची बाटली अजून सर्रास आहे, आणि लाल टोपणाची ४० ची सिरिंज संपली की नारिंगी टोपणाची १०० ची हातात येते. दोन्हींवरच्या खुणा वेगळ्या. तिथे थांबून, स्टोअरला फोन करून योग्य सिरिंज मागवणारीने पेशंटला चुकीच्या मात्रेपासून वाचवलेलं असतं आणि वर "उशीर का झाला" हेही ऐकून घेतलेलं असतं.

पोटॅशियम क्लोराईडचे (चुकून थेट शिरेत गेलं तर जीवघेणं) अँप्यूल इतर औषधांच्या ट्रेमधून काढून, लेबल लावून वेगळे ठेवणारी. कॅन्युलाच्या (शिरेत बसवलेली सलाईनची नळी) जागेवरची लाली दिसताच, ताप यायची वाट न पाहता जागा बदलणारी. रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं खाटेजवळून न हलणारी. मृत्यू झाल्यावर नातेवाइकांना कागद समजावून सांगताना खुर्ची देणारी. "डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस"वर, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता निघालेल्या कुटुंबाला कॅन्युला काढून, औषधांची वेळ कागदावर मराठीत लिहून देणारी.

यांतलं बहुतेक काम एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणारी संस्था) तपासणीत चमकत नाही. पण ते करणारीला ठाऊक असतं की तिने ते केलं. कुणालाच दिसलं नाही असं वारंवार झालं की ती हळूहळू श्वास २० लिहायला लागते. कामावरचं समाधान जातं ते असं, एकेका चार्टवरून.

काय बोलायचं

वाक्यात तीन गोष्टी याव्यात: मी काय पाहिलं, त्याने पेशंटचं किंवा वॉर्डचं काय झालं, आणि त्यावर मी काय करणार आहे. तिसरी गोष्ट दर वेळी नसली तरी चालेल. पहिल्या दोन हव्यातच.

"छान काम केलंस गं, अशीच करत राहा" या वाक्यात काहीच नाही. ते सगळ्यांना सारखंच म्हणता येतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. त्याऐवजी: "काल रात्री १२ नंबरच्या आजोबांचा श्वास २८ झालाय हे तू दोन वाजता लिहिलंस. आरएमओंनी पहिल्यांदा उचलला नाही तर परत फोन केलास. साडेतीनला ते आयसीयूत गेले, शुद्धीवर होते. मी हे अधिसेविका मॅडमच्या राउंडला सांगणार आहे." एवढ्याला पंधरा-वीस सेकंद लागतात.

वयाने मोठ्या परिचारिकेशी बोलताना सूर बदला. तुमच्यापेक्षा दहा वर्षं जास्त नोकरी झालेली, पण पदोन्नतीच्या यादीत मागे पडलेली सिस्टर तुमच्या वॉर्डात असेल. तिला "शाब्बास" म्हणणं तिला लहान करणं आहे. तिच्याकडून शिकायला आल्यासारखं विचारा: "ताई, त्या बाईंची शीर कशी सापडवलीत? नव्या मुलींना दाखवाल का?" अनुभवी माणसाला हीच दाद पोचते.

नावाने बोला, हेही लक्षात ठेवा. वॉर्डात सगळ्या "सिस्टर" आणि सगळे "ब्रदर". राउंडला मोठे डॉक्टर "सिस्टरला सांगा" म्हणतात, तेव्हा ती सिस्टर कोण हे कुणाला ठाऊक नसतं. तुम्ही राउंडला हजर असाल तर नाव घेऊन सांगा: "सर, या पेशंटची साखर ५४ पर्यंत उतरल्याचं यांनी पकडलं," आणि तिला पुढे बोलावून माहिती तिच्याच तोंडून द्यायला लावा. राउंड अर्ध्या मिनिटाने लांबेल, पण पुढच्या वेळी त्या डॉक्टरांना तिचं नाव आठवेल.

केव्हा

जितकं ताजं तितकं बरं, आणि तीन दिवसांनंतर नको. तीन दिवसांत तिने दुसरे वीस-पंचवीस पेशंट पाहिलेले असतात, १२ नंबरचे आजोबा तिच्या डोक्यातून गेलेले असतात.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती नाईट. तुमची जनरल ड्युटी सुरू होते आणि नाईटवाली ओव्हर देऊन (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवून) निघते. दोघींची गाठ दहा मिनिटांची, आणि त्या दहा मिनिटांत विचारलं जातं ते "बेडशीट का बदलली नाही" हे. आठवड्यातून दोनदा तरी पाव तास आधी या. रिपोर्ट बुक वाचा, ओव्हरला खाटेजवळ उभ्या राहा, आणि जे दिसलं ते ओव्हरच्या शेवटी तिथेच सांगा. तिला ऑफिसमध्ये बोलावू नका, थांबवू तर अजिबात नका. जिला पुढे विरारची किंवा कर्जतची लोकल पकडायची आहे, तिला कौतुकासाठी वीस मिनिटं थांबवलं तर ती शिक्षाच. भेट होणारच नसेल तर रिपोर्ट बुकमध्ये तिच्या नोंदीखाली एक ओळ लिहून सही करा. रात्री पुन्हा आली की वाचेल, आणि तिच्यासोबतच्याही वाचतील.

वही

हा भाग सगळ्यात उपयोगी आहे, आणि बहुतेक जणी तो टाळतात. एक साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक परिचारिकेला तीन-चार पानं. रकाने चार: तारीख, काय पाहिलं, सांगितलं का, लिहून दिलं का. दिवसाला दोन नोंदींचं ध्येय ठेवा. १४ जणी आहेत, तर साधारण आठवडाभरात प्रत्येकीपर्यंत एकदा पोचता. गॅलप या संस्थेची कामावरच्या सहभागाविषयीची १२ प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी आहे, तिच्यातला चौथा प्रश्न "गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल दाद मिळाली का" असाच आहे. सात दिवसांचा तो ठोका वॉर्डातही बरोबर बसतो.

महिनाअखेरीस वही उघडा आणि कोणाची पानं कोरी आहेत ते बघा. कोरं पान म्हणजे ती काम करत नाही, असा अर्थ लावू नका. बहुतेक वेळा ती सलग नाईटला होती, किंवा मितभाषी आहे, किंवा तुमच्या चहाच्या टेबलावर बसणाऱ्यांत नाही. आपल्याकडे गट पडतात ते गावावरून, कॉलेजवरून, जातीवरून, कायम आणि कंत्राटी यांवरून. नजर आपोआप आपल्या गटाकडे जाते आणि हे आपल्याला कळतही नाही. वहीमुळे कळतं. ज्या पानावर शून्य आहे, तिच्यासोबत पुढच्या आठवड्यात एक पूर्ण ओव्हर घ्या. नोंदवण्याजोगं नक्की सापडेल.

या वहीचा दुसरा उपयोग मार्चनंतर होतो. प्रत्येकीच्या वर्षभराच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहायला बसलं की अकरा महिने विसरले जातात आणि शेवटचा एक आठवतो. सगळ्यांना एकाच शाईत "चांगली", "चांगली" लिहिलं जातं. वहीत तारखा असतील तर अहवालात ठोस वाक्य येतं, आणि प्रतवारीवर कुणी हरकत घेतली तर तुमच्याकडे आधार असतो. तुमच्या पाच कंत्राटी मुलींच्या बाबतीत तर ही वही आणखी महत्त्वाची. ११ महिन्यांच्या ऑर्डरवर असलेलीला नोकरीची शाश्वती तुम्ही देऊ शकत नाही, पण तिच्या फाइलला लावलेलं, प्रसंग आणि तारीख असलेलं प्रशंसापत्र ती पुढच्या मुलाखतीला घेऊन जाऊ शकते. पत्र पाच ओळींचं असावं: काय घडलं, तिने काय केलं, परिणाम काय झाला. एक प्रत तिला, एक फाइलला, एक अधिसेविका कार्यालयाला, आणि तिन्हींवर आवक-जावक क्रमांक. पेशंटचं नाव पत्रात नको.

कुठे बिघडतं

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली दाद सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिच्यामुळे होतो. एक तर फोटोत पेशंट किंवा खाटेवरची फाइल येते, ती गोपनीयता गेली. दुसरं, एका शिफ्टचं कौतुक केलं की दुसरीला ते स्वतःवरचं बोट वाटतं. "मॉर्निंगने सगळ्या ड्रिप वेळेत लावल्या" याचा अर्थ इव्हिनिंगवाल्या "आम्ही नाही लावल्या" असाच लावतात. तिसरं, अंगठे मोजले जातात. ग्रुपवर लिहायचंच असेल तर संपूर्ण वॉर्डच्या कामाबद्दल लिहा. एकटीचं असेल ते तिला सांगा, आणि चारचौघांत सांगितलेलं आवडतं की एकांतात, हे तिलाच एकदा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. काहींना चारचौघांत नाव घेतलं की अक्षरशः लपावंसं वाटतं.

"महिन्याची उत्कृष्ट परिचारिका" ही पाटी खासगी रुग्णालयांत हटकून असते. तीन-चार महिन्यांत ती पाळीपाळीने मिळायला लागते, आणि तसं झालं की तिचा अर्थ संपतो. पेशंटच्या अभिप्राय फॉर्मवरून निवड केली तर डीलक्स खोल्यांतल्या जिंकतात. व्हेंटिलेटरवरचा पेशंट फॉर्म भरत नाही आणि ऑपरेशन थिएटरमधला तर तिचा चेहराही पाहत नाही. वरून ही योजना आलीच असेल आणि तुम्हाला ती मोडता येत नसेल, तर दोन बदल करून घ्या. फोटोखाली "उत्कृष्ट सेवेबद्दल" ऐवजी नेमकं काय केलं ते दोन ओळींत लिहा, आणि नाव सुचवायचा हक्क सोबतच्या परिचारिकांनाही द्या.

१२ मे चा परिचारिका दिन. केक सकाळी ११ ला कापतात, भाषणं होतात, फोटो निघतात. इव्हिनिंग आणि नाईटवाल्या घरी झोपलेल्या किंवा मुलांच्या मागे असतात. त्या ड्युटीवर येतात तेव्हा पेपर प्लेटमध्ये सुकलेला तुकडा आणि कोमेजलेलं गुलाब असतं. तीन वेळा, थोडं थोडं करा. खर्च तेवढाच येतो.

याहून मोठं बिघडणं वेगळं आहे. जिच्यावर विश्वास, तिच्यावरच ओझं. चांगली शीर सापडवते म्हणून तिला दहा खाटांवरून हाका. समंजस आहे म्हणून गंभीर पेशंट तिच्याकडे. नाही म्हणत नाही म्हणून डे-ऑफ तिचाच रद्द आणि दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडला की पाठवायची तीच. नवी मुलगी आली की शिकवायलाही तीच, आणि स्वतःचे सहा पेशंट कायम. अशा परिचारिकेला तुम्ही दिवसातून दोनदा गोड बोललात तरी ती वर्षभरात बदलीचा अर्ज देईल किंवा आखातात जायची परीक्षा देईल. चांगल्या कामाचं फळ म्हणून जास्त काम मिळत असेल, तर तुमची दखल तिला सापळा वाटायला लागते.

म्हणून सगळ्यात खरी दखल ड्युटी लिस्टमध्ये दिसते. तिथे तुम्ही कुणाला काय समजता हे स्पष्ट लिहिलेलं असतं. नाईट सगळ्यांना सारख्या येतात का, हे तीन महिन्यांची लिस्ट शेजारी ठेवून मोजा. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या ड्युट्या गेल्या वर्षी कुणी केल्या, ते लिहून ठेवा आणि या वर्षी त्यांना आधी विचारा. नाईट संपल्यावरचा ऑफ रद्द करू नका. अगदीच करावा लागला तर भरपाईची तारीख त्याच क्षणी लिहून द्या. "बघू नंतर" नको. शिकवण्याचं काम दिलं तर त्या आठवड्यात पेशंट कमी करा, सहाचे चार. आणि खरोखर काही देता येत असेल तर जबाबदारी द्या: संसर्ग नियंत्रणाची वॉर्ड प्रतिनिधी, क्रॅश ट्रॉलीची (आणीबाणीच्या औषध-साधनांची गाडी) प्रमुख, बाहेरच्या प्रशिक्षणासाठी नाव, नव्या कॅन्युला खरेदी करण्याआधी वापरून मत द्यायला सांगणं. यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे, सिस्टर. पगार नसेल, पण लिस्ट तुम्हीच लिहिता.

चूक झाल्यावर

परिचारिका स्वतःहून येऊन सांगते, "माझ्याकडून सहा नंबरचं अँटिबायोटिक आठ नंबरला गेलं." त्या क्षणी तुमचं पहिलं वाक्य काय असतं, यावर पुढची कित्येक वर्षं तुमच्या वॉर्डात चुका कळणार की लपणार हे ठरतं. आधी पेशंट: अ‍ॅलर्जी आहे का, व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, श्वास), डॉक्टरांना फोन. लगेच त्यानंतर तिला: "लगेच सांगितलंस, बरं केलंस." मग इन्सिडेंट फॉर्म, मग चौकशी, मग गरज असेल तर समज. क्रम हाच. दखल घेतली म्हणजे चूक माफ झाली असं होत नाही. सांगण्याचं धैर्य आणि केलेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची नोंद वेगळी होते. थेट मेमो हातात दिलात तर तुमच्या वॉर्डातून येणारे फॉर्म बंद होतील. चुका मात्र होतच राहतील.

आणि राउंडला कुणी परिचारिकेवर आवाज चढवला, किंवा नातेवाईक अंगावर धावून आले, तर मध्ये उभ्या राहा. "सर, याचं उत्तर मी देते, मला सांगा" एवढं बोलायला पद लागतं आणि ते तुमच्याकडे आहे. तिचं चुकलं असेल तर दार बंद करून नंतर सांगा. नातेवाइकांकडून मारहाण किंवा धमकी झाली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्यात परिचारिकाही येतात. तक्रार तिने एकटीने करायची नाही, रुग्णालयाच्या वतीने व्हायला हवी, आणि पोलीस चौकीत तिच्यासोबत तुम्ही जायला हवं. ज्या वॉर्डात इन्चार्ज अशी उभी राहिली, तिथल्या परिचारिका त्या दिवसाबद्दल दहा वर्षांनीही बोलतात.

मर्यादा

दखल मनुष्यबळाची भरपाई करत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवरच्या २००२ च्या अभ्यासात परिचर्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की दर परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की तिला थकून-करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामावर असमाधानी असण्याची १५ टक्क्यांनी जास्त होती. पेशंटच्या मृत्यूची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढलेली होती. आपल्याकडे एका नाईटला एका परिचारिकेकडे तीस-चाळीस पेशंट असणं नवं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा परिचारिका धरलेल्या आहेत, प्रत्यक्षात त्या जागा भरलेल्या क्वचित दिसतात. अशा रात्रीनंतर "दोघींनी चाळीस पेशंट सांभाळलेत, कमाल केलीत" असं नुसतं म्हणाल, तर ऐकणारीला कळतं की उद्याही दोघीच असणार.

म्हणून अशा वेळी दाद आणि कागद एकत्र द्या. तारीख, शिफ्ट, पेशंटसंख्या, त्यांतले गंभीर किती, परिचारिका किती, कोणतं काम राहून गेलं, एवढं लिहून अधिसेविकांना पाठवा आणि त्याची प्रत ड्युटीवर असलेल्या दोघींना दाखवा. जागा लगेच भरली जाणार नाही. पण आपल्या रात्रीचा हिशेब वर पोचला, आणि तो इन्चार्जने स्वतःच्या सहीने पोचवला, हे त्यांना दिसतं. पगाराबद्दल विषय निघाला तर टाळू नका आणि खोटी आशाही दाखवू नका. तो राग रास्त आहे. तुमच्या गोड बोलण्याने तो निवावा, ही अपेक्षाच करू नका.

फरक पडतोय हे कसं कळेल

सुरुवातीचे तीन-चार आठवडे उलटंच वाटेल. आजवर कौतुक ऐकू आलं की पाठोपाठ "आज जरा डबल (सलग दोन ड्युट्या) करशील का" हे आलेलं असतं. तुम्ही काही चांगलं बोललात की "मॅडमना काय हवंय" अशी नजरानजर होईल. म्हणून एक नियम पक्का पाळा: ज्या दिवशी कुणाची दखल घेतली, त्या दिवशी तिच्याकडे जादा ड्युटी मागायची नाही. मागावीच लागली तर दुसरीला विचारा.

तीन महिन्यांनी मोजायला या गोष्टी घ्या: आयत्या वेळी "सिक" कळवणाऱ्यांचे दिवस, बदलीचे तोंडी-लेखी अर्ज, आणि थोडक्यात टळलेल्या चुकांचे फॉर्म. पहिल्या दोन कमी व्हायला हव्यात, तिसरी वाढायला हवी. फॉर्म वाढले म्हणून घाबरू नका, लपलेलं बाहेर येतंय. सोबत महिन्यातून एकदा बिननावाची चिठ्ठी, एकच प्रश्न: "गेल्या सात दिवसांत तुमच्या एखाद्या नेमक्या कामाबद्दल कुणी तुम्हाला सांगितलं का?" हो किंवा नाही. १४ पैकी हो किती, तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर. अक्षरावरून ओळखायचा मोह टाळा, टिकमार्क करायला सांगा.

यापलीकडे एक खूण आकड्यांत येत नाही. ओव्हर चालू असताना एखादी स्वतःचं सांगता सांगता थांबेल आणि म्हणेल, "मॅडम, ते साखरेचं मी नाही पकडलं, तिने पकडलं." ते ऐकलंत की त्या दिवशीच्या वहीत दोघींची नावं लिहा.